बांगड्यांचं बारदान

त्या वर्षी धान्याला भुंगा लागला. पोतं पाठीवर घेतलं की हमालाच्या मानेवर पिवळट भुगा सांडायचा. दिसायला टच्च भरलेलं पोतं काट्यावर टाकलं की दहा-बारा किलोंनी कमी भरायचं. व्यापारी माझ्याकडे असे बघायचे, की जणू तेवढं धान्य मीच खाल्लं. महिन्याभरात बाजार अर्धा रिकामा झाला. आठवड्यातले तीन दिवस मी काट्याच्या साखळीला तेल देत बसायचो.

मी धान्यबाजारात वजन करतो. अठ्ठावीस वर्षं तेच काम. माझं नाव कुणी घेत नाही, काटेवाला म्हणतात. आधी रिकामं पोतं तोलायचं, ते बारदान. मग भरलेलं पोतं तोलायचं, त्यातून बारदान वजा करायचं, राहील ते धान्य. पोतं ओलं असेल तर बारदान वेगळं, ठिगळं असतील तर वेगळं. बाकीचे काटेवाले अंदाजानं किलोभर सोडून देतात. मी एकेक पोतं तोलतो. हमाल म्हणायचे, "हा पाहुण्याला चहा पाजताना कपाचंही बारदान वजा करतो." मला ते ऐकायला बरं वाटायचं.

वजन झालं की पोत्याचं तोंड शिवायचं, गाठीवर लाल लाख वितळवून टाकायची आणि तिच्यावर माझा शिक्का मारायचा. लाखेच्या कांड्या मी घरी पत्र्याच्या डबीत ठेवतो, मोजून. खूप वर्षांपूर्वी एकदा एक कांडी कमी भरली होती. तेव्हा माझ्याकडे येणारा-जाणारा एक हमाल होता, त्याला मी चोर ठरवून बाजारातून काढायला लावला. तो दाराशी येऊन रडला. बायको चुलीपुढे बसून ऐकत होती. एक शब्द बोलली नाही.

काम आटलं तशी बायको बाजारात चाळायला जाऊ लागली. किडकं धान्य मोठ्या चाळणीतून काढायचं, भुगा खाली, दाणा वर. आठ-दहा बायका ओळीनं बसायच्या. दिवसभर धूळ. संध्याकाळी त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. माझ्या बायकोच्या डाव्या हातात सोन्याच्या चार जाड बांगड्या होत्या. चाळणी हलली की त्या मनगटावर खाली-वर व्हायच्या. बायका तिला राणीसाहेब म्हणायच्या.

"राणीसाहेब, जरा सरका. आमच्या भुग्यानं सोनं मळेल."

"अगं, हिच्या चाळणीतला भुगा मला दे. त्यात सोन्याचा कीस असेल."

ती हसायची आणि चाळायची. चारपैकी एका बांगडीला आतल्या बाजूनं दोऱ्याचे सात-आठ वेढे होते. बांगडी सैल आहे, घसरते, असं ती सांगायची. दोरा मळला की नवा गुंडाळायची. अकरा वर्षं मी तो दोरा बघत होतो.

त्या बांगड्या मी घेतल्या त्याला बारा वर्षं झाली होती. तो हंगाम चांगला होता. मी तीन वर्षं साठवलेले पैसे कमरेला बांधले आणि तिला घेऊन निघालो. तिला जायचं होतं गल्लीतल्या म्हाताऱ्या सोनाराकडे. त्याचं दुकान म्हणजे एक पायरी, एक शेगडी आणि एक लाकडी पेटी. त्यानं तिच्या हातात दोन बांगड्या ठेवल्या. बारीक, साध्या, नक्षी नाही.

"दिसायला काडी आहे," तो म्हणाला, "पण आरपार सोनं आहे. वाकेल, चेपेल, तरी सोनंच राहील. उद्या मोडायला आणलीस तर घट किती धरीन ते आजच लिहून देतो. दागिना घेताना हेच विचारायचं असतं बाई. किती सोनं, कुठल्या कसाचं, घडणावळ किती, आणि परत दिलं तर हातात काय येईल."

तिनं त्या घालून हात समोर धरला. "मला ह्याच हव्यात," ती म्हणाली.

मी म्हणालो, "बायकोच्या हातात काड्या घालू? लोक म्हणतील, काटेवाल्याला एवढंच परवडलं."

"लोकांना नाही घालायच्या, मला घालायच्या आहेत."

"काढ त्या," मी म्हणालो.

तिनं काढून ठेवल्या. म्हाताऱ्यानं त्या फडक्यानं पुसून पेटीत टाकल्या. तिथून मी तिला मोठ्या रस्त्यावरच्या आरशांच्या दुकानात नेलं. आत पंखे होते, गाद्या होत्या. मालकानं चार बांगड्या पुढे केल्या, एकेक पेन्सिलीएवढी जाड. "घडण अशी आहे की आतून हलकी, म्हणून ठसठशीत दिसते," तो म्हणाला. "चारही मिळून पाच तोळे." तोळ्याचा दरही म्हाताऱ्यानं सांगितला होता त्याहून कमी.

बायकोनं हळूच विचारलं, "आत काय असतं हो?"

मालक माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. म्हणालो, "आत सोनं नसेल तर काट्यावर काय चढतंय, वारा?"

मग मी खिशातून माझं पितळी वजन काढलं. बाजाराचा शिक्का असलेलं, रोज पुसून ठेवलेलं. त्याच्या काट्यावर आधी ते ठेवलं, काटा खरा आहे का ते बघितलं. दोन्ही पारडी बदलून बघितलं. दुकानातली गिऱ्हाइकं उठून बघायला लागली. मालक मोठ्यानं म्हणाला, "असं गिऱ्हाईक पाहिजे! यांना कोण फसवणार?" मग बांगड्या तोलल्या. पाच तोळे, गुंजभरही कमी नाही. मी पावतीवरचा आकडा वाचला, पावती घडी करून खिशात घातली. बाहेर आलो तेव्हा माझी छाती फुगली होती. बायको मागून चालत होती. तिनं म्हटलं, "जड वाटत नाहीत हो."

"तुला काय कळतं वजनातलं," मी म्हणालो.

महिनाभर मी बाजारात सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. सोनाराच्या काट्याला काटेवाल्यानं कसं तपासलं. नंतरही दरवर्षी एकदा तरी सांगायचो.

आता भुंग्याच्या वर्षाकडे येतो. थंडी सुरू झाली आणि बायकोचे पाय सुजायला लागले. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. ती म्हणाली, दिवसभर बसून होतं. मग तोंड सुजलं. सकाळी डोळे उघडायचे नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, रक्त तपासलं आणि मला बाहेर बोलावलं.

"मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडलीत. मोठ्या दवाखान्यात न्या. या आठवड्यात न्या. पुढच्या महिन्यात नाही."

मी घरी येऊन तिला म्हणालो, "बांगड्या काढ."

ती खाटेवर बसली होती. तिनं उजव्या हातानं डावं मनगट धरलं. "बांगड्या नका विकू."

"मग काय विकू? काटा माझा नाही, बाजाराचा आहे. घर भाड्याचं."

"शेळी विका. सायकल विका."

"शेळीत येतं काय? पाच तोळे सोनं हातात घालून तू मरायला बसलीस."

"बांगड्या सोडून काहीही विका," ती म्हणाली. एवढंच. कितीही विचारलं तरी एवढंच.

मला संताप आला. मला वाटलं, बारा वर्षं बांगड्या मिरवल्या, बायका राणीसाहेब म्हणाल्या, त्याची हिला चटक लागली. ती हावरट आहे, असं मी शेजारणीसमोर बोललो. "जिवापेक्षा सोनं प्यारं आहे हिला," मी म्हणालो. शेजारीण तिच्याकडे बघत राहिली आणि बायको जमिनीकडे. मग मी हट्टाला पेटलो. मी म्हणालो, "ज्या दिवशी तू आपल्या हातानं बांगड्या काढून देशील त्या दिवशी दवाखान्यात जाऊ. तोवर नाही."

ती त्या सुजलेल्या पायांनी चाळायला जातच राहिली. पायात चप्पल शिरायची नाही, म्हणून पायांना पोत्याचे तुकडे बांधायची. एके दिवशी चाळणीवरच ती कलंडली. बायकांनी उचलून पोत्यांच्या थप्पीला टेकवली. तोंडावर पाणी मारलं तर धुळीचा चिखल झाला.

"राणीसाहेब, एक बांगडी मोडा की आता," एकजण म्हणाली. टोमणा नव्हता तो. ती खरंच सांगत होती.

बायकोनं मान हलवली.

तिचा धाकटा भाऊ गवंडी आहे. बहिणीचं कळल्यावर तो काम सोडून आला. हाताला सिमेंट तसंच होतं. त्यानं फडक्यात बांधलेले पैसे काढले आणि खाटेवर ठेवले.

"दाजी, एवढे आहेत. आणखी पंधरा दिवसांत देतो. ताईला उद्या नेऊ."

मी ते फडकं उचलून त्याच्या हातात परत दिलं. "माझ्या बायकोच्या हातात पाच तोळे आहेत. मला कुणाची भीक नको."

"भीक कसली? माझी बहीण आहे."

"मग तिला सांग बांगड्या काढायला."

तो तिच्याजवळ बसला. "ताई, दे ना गं काढून. मी पुन्हा करून देईन तुला."

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला एकदम रडू फुटलं. तो आणखी दोनदा पैसे घेऊन आला. दोन्ही वेळा मी परत केले. असे पावणेतीन महिने गेले.

एका सकाळी तिला श्वास घेता येईना. गवंड्यानं मला विचारलंच नाही. कामावरचा टेम्पो आणला, तिला उचलून आत ठेवली. ती विटांच्या भुग्यात पोतं अंथरून आडवी झाली. मी मागं चढलो. वाटेत खड्डा आला की ती तोंड उघडायची, आवाज यायचा नाही.

मोठ्या दवाखान्यात तिच्या डाव्या हातात सुई घालायची होती, उजव्या हाताला शीर सापडेना. रक्त यंत्रातून काढून धुवायचं होतं. पण हात मनगटापर्यंत सुजून फुगला होता आणि बांगड्या मांसात रुतल्या होत्या. परिचारिकेनं साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं. कातडी सोलली, बांगड्या हलल्या नाहीत.

"कापाव्या लागतील," ती म्हणाली. "सोनाराला आणा. लवकर."

गवंडी टेम्पो घेऊन गेला आणि म्हाताऱ्या सोनाराला घेऊन आला. म्हातारा आता अगदी वाकला होता. हातात छोटी कातर, कानस, चिमटा. तो आत आला, त्यानं बायकोकडे बघितलं, बायकोनं त्याच्याकडे. मग तो मला म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

"का?"

"बघवणार नाही."

"माझ्यासमोर काप," मी म्हणालो. "कीस पडतो तो कुठे जातो, मला माहीत आहे. असल्या वेळी सोनाराचा हात किती लांब होतो तेही माहीत आहे."

परिचारिकेनं वर बघितलं. म्हाताऱ्यानं कातर पुसली. मी खिशातला रुमाल काढून तिच्या मनगटाखाली अंथरला, कीस पडला तर त्यात पडावा म्हणून. चारही कोपरे नीट ताणले. माझी बायको धापा टाकत होती आणि मी रुमालाचे कोपरे ताणत होतो.

म्हाताऱ्यानं पहिली बांगडी कापली. दुसऱ्या बाजूनं कापली. दोन तुकडे रुमालावर पडले, आणि त्यांच्या तोंडातून काळा भुगा सांडला. मला आधी वाटलं, मळ आहे. मग चिमट्यानं त्यानं एक तुकडा उचलला. आत काळी लाख ठासून भरली होती आणि मधून तांब्याची तार गेली होती. वर सोन्याचा पत्रा, नखासारखा पातळ.

दुसरी कापली. तशीच. तिसरी तशीच.

मी गवंड्याकडे वळलो. तो भिंतीशी उभा होता. माझ्या डोक्यात एकच आलं. बांगड्या घेतल्यावर सहा महिन्यांनी त्याची आई आजारी होती आणि बायको पंधरा दिवस त्याच्या घरी राहिली होती. मी म्हणालो, "तू बदलल्यास."

"काय?"

"मी तोलून घेतल्या होत्या. पाच तोळे. तुझ्या घरी पंधरा दिवस होत्या त्या. तू बदलल्यास. म्हणून पैसे घेऊन नाचत होतास, पाप खात होतं तुला!" मग मी खाटेकडे वळलो. "आणि ही सगळं जाणून होती. म्हणून काढून देत नव्हती. भावाला झाकत होती."

गवंड्याचा हात वर आला. परिचारिका मध्ये आली.

बायकोनं डोळे उघडले. डोळ्यांच्या फटीच उरल्या होत्या. तिनं माझ्याकडे बघितलं आणि अगदी सावकाश म्हणाली, "झालं. म्हणालात."

मला कळलं नाही. म्हाताऱ्यानं चौथ्या बांगडीवरचा दोरा कापला. सात-आठ वेढे सुटून पडले. दोऱ्याखाली बांगडीला चेप होता, आणि चेपाला भोक. भोक कशानं तरी बुजवलेलं होतं. त्यानं कातरीचं टोक लावलं तेव्हा तो बुचासारखा तुकडा निघाला आणि रुमालावर पडला.

तो लाल होता.

बांगडीतली लाख काळी होती. हा तुकडा विटेसारखा लाल होता, वरून चकचकीत. तसली लाख आमच्या गावात एकाच कामाला वापरतात. मी अठ्ठावीस वर्षं ती पोत्यांच्या गाठींवर ओततोय. अंधारातही बोटानं ओळखेन. हा माझ्या डबीतल्या कांडीचा तुकडा होता. ज्या कांडीसाठी मी हमालाला हाकलला, त्या कांडीचा.

"अकरा वर्षं झाली," म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला. "भावाच्या कामावर विटांना पाणी मारत होत्या. हौदाच्या काठावर हात आपटला आणि बांगडी चेपली. माझ्याकडे डाग लावायला, सांधून घ्यायला आणली होती. मी म्हटलं, शेगडीवर धरली की आतली लाख सगळी वाहून जाईल. सगळं दाखवलं. त्या म्हणाल्या, घरी सांगू नका."

"तू मला का नाही सांगितलंस?" मी बायकोला विचारलं. माझा आवाज अजून चढलेलाच होता.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?" ती म्हणाली. दम लागला, थांबली. "आत्ता म्हणालात तेच."

परिचारिकेनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. हातात सुई गेली, यंत्र सुरू झालं. पण डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. तीन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर. हे त्यांनी गवंड्यासमोर सांगितलं.

ती आणखी चार दिवस होती. तिसऱ्या दिवशी तिला थोडं बोलता आलं. मी खाटेजवळ स्टुलावर बसलो होतो. मनगटावर चार निळ्या रेघा उमटलेल्या होत्या.

"ते मोडून जे निघेल," ती म्हणाली, "त्याची एक बांगडी करा. साधी."

"तुला?"

तिनं डोळे मिटले, मूर्खासारखा प्रश्न ऐकल्यावर मिटतात तसे. "वहिनीला. माझ्या भावाच्या घरी. तुम्ही स्वतः जाऊन द्या. कुणाच्या हाती पाठवू नका."

"देईन."

"आणि वजन नका सांगत बसू," ती म्हणाली.

तिनं माझ्याशी केलेलं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर तिनं एकदा पाणी मागितलं, पण ते भावाकडे.

सगळं उरकल्यावर मी बारा वर्षांपूर्वीची पावती शोधली. डबीच्या तळाशी होती. ती घेऊन आरशांच्या दुकानात गेलो. दुकान आता तीन मजली झालं आहे. मालक म्हातारा झाला आहे, पण तोच आहे. त्यानं चष्मा लावून पावती वाचली आणि माझ्यापुढे सरकवली. आकड्याच्या शेजारी लिहिलं होतं, "एकूण वजन." त्याच्याखाली बारीक अक्षरांत, "भरणीचा माल", म्हणजे आत लाख भरलेला.

"तुम्ही वजन विचारलंत," तो म्हणाला. "वजन दिलं. तुम्हीच तर तपासलंत." मग माझ्याकडे निरखून बघितलं. "पितळी वजनवाले ना तुम्ही? अजून सांगतो मी लोकांना तुमचं." आणि नोकराला म्हणाला, "यांना पाणी दे."

मी पाणी प्यालो. नको म्हणायचं सुचलं नाही.

म्हाताऱ्या सोनारानं माझ्यासमोर तुकडे मुशीत घातले. काळी लाख जळाली, धूर झाला, गल्लीभर वास. तांबं वेगळं काढलं. शुद्ध करून जे राहिलं ते सव्वा तोळा. पाच तोळ्यांतून सव्वा. तो शेगडी फुंकत म्हणाला, "एवढ्या जाड चार बांगड्या भरीव असत्या तर तीस तोळे भरल्या असत्या. तुम्ही पोतं नुसतं बघून सांगता ना, आत धान्य आहे की भुसा?"

"सांगतो."

"जन्मभर बारदान वजा केलंत," तो म्हणाला. "इथंच कसं विसरलात?"

त्यानं टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

मी त्याला सगळं विचारलं. कस किती, घडणावळ किती, डाग कुठे आणि डागाला सोनं कुठलं, शिक्का कोण मारणार, मोडायला आणली तर घट किती. बारा वर्षांपूर्वी त्यानं तिला विचारायला सांगितलेलेच प्रश्न, आणि वर आणखी. त्यानं एकेकाचं उत्तर दिलं आणि सगळं पावतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं. बांगडी झाली तशीच, काडीसारखी. आरपार सोनं. मी ती हातात धरली तेव्हा मला तिचा तो समोर धरलेला हात आठवला. मग मी लगेच पावती वाचायला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गवंड्याकडे गेलो. तो घरासमोर भिंतीला गिलावा करत होता. थापी मारायची, सरळ पट्टी ओढायची, पुन्हा थापी. त्याची बायको दारात वाळू चाळत होती. मला बघून ती उठून आत गेली. मी उन्हात उभा राहिलो. त्यानं मागं वळून बघितलं नाही. एक ओळ पूर्ण झाली, दुसरी सुरू केली.

"तुझ्या ताईनं सांगितलं होतं," मी म्हणालो. "तुझ्या बायकोसाठी आहे. साधी आहे. सोनं चांगलं आहे."

थापी चालूच राहिली.

"मी त्या दिवशी बोललो ते..." पुढं मला जमलं नाही. थापीवरून सिमेंटचा माल माझ्या पायावर पडला. तो मुद्दाम पाडला का आपोआप, कळलं नाही.

ती ओळ संपवून त्यानं थापी बादलीत ठेवली आणि हात पुसले. माझ्या हातातल्या पुडीकडे बघितलं. घेतली नाही.

"काटेवाले," तो म्हणाला. बावीस वर्षं मला दाजी म्हणत होता. "असं करा. गल्लीत जाऊन दोन माणसं घेऊन या. म्हाताऱ्या सोनारालाही बोलवा, त्याचा काटा घेऊन. सगळ्यांसमोर तोला, लिहा, मग द्या."

"कशाला? पावती आहे माझ्याकडे."

"पावती तेव्हाही होती," तो म्हणाला. "माझ्या घरात पंधरा दिवस राहिली की उद्या तुम्ही म्हणाल, ह्यानं बदलली."

दारामागं त्याची बायको उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या. काचेच्या. मी पुडी घट्ट धरली. त्यानं पुन्हा थापी उचलली आणि भिंतीकडे वळला.

पायावरचा माल तसाच होता, वाळायला लागला होता. मी साक्षीदार शोधायला निघालो.